सतरा नंबर आत

१

खिडकीबाईची मोजणी एकतीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तिने स्वतःच सांगितली असती.

शहराच्या पोटातून पाण्याचा एक मोठा बोगदा जात होता. त्यातल्या जाळ्या साफ करायला आणि झडपांना वंगण द्यायला रोज सकाळी पाणी अडवलं जायचं. मग दहा-बारा माणसं दोनशे बारा लोखंडी पायऱ्या उतरून खाली जायची आणि दुपारी चारला वर यायची. पायऱ्यांच्या तोंडाशी एक खोली होती, खोलीला हातभर रुंदीची खिडकी आणि खिडकीमागे ही बाई. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन फळ्या होत्या, एक 'आत'ची आणि एक 'बाहेर'ची. प्रत्येकाच्या नंबराचा पितळी बिल्ला माणूस उतरला की 'आत'वर लागायचा आणि वर आला की 'बाहेर'वर, आणि वहीत तशी खूण व्हायची. 'आत'ची फळी रिकामी झाल्याचं तिने फोनवर सांगितलं की मगच पाणी सोडायचं. एक जरी बिल्ला तिथे लटकत राहिला तरी सगळं शहर घसा कोरडा करून बसलं असतं, पण पाणी सुटलं नसतं.

बिल्ला हलवणं हे तर कोणीही केलं असतं. खरं काम त्यापुढचं. वर आलेल्या माणसाने खिडकीशी थांबून आपला नंबर मोठ्याने सांगायचा आणि बाईने तितक्याच मोठ्याने म्हणायचं, "आला!" मग वहीत त्या नंबरापुढे टिक. ती 'आला' म्हणेपर्यंत माणूस बाहेर आलेला नाही, मग तो तिच्या नाकासमोर उभा राहून शिंकत का असेना. आणि चेहऱ्याकडे बघायचं नाही. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चेहरा बघितलास की ओळखीच्याला न मोजताच सोडशील. मान खाली, कान उघडे." एकतीस वर्षं तिने मान खाली ठेवली. माणसं ती आवाजावरून, पायरव ऐकून आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेल्या बोटांवरून ओळखायची.

"मी ऐकल्याशिवाय टिक करत नाही," ती म्हणायची, "आणि म्हटल्याशिवायही करत नाही. देवाने येऊन सांगितलं तरी आधी नंबर विचारीन."

माणसं हसायची, पण तिच्या जोरावर खाली उतरायची. हे तिला ठाऊक होतं. या जाणिवेने तिची पाठ खुर्चीत अशी ताठ असायची की खुर्चीला पाठीची गरजच पडू नये.

२

तिच्या निवृत्तीला पाच दिवस उरले होते, आणि तिच्या जागी माणूस येणार नव्हता, यंत्र येणार होतं. यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरला सगळ्यांनी वायरमास्तर नाव ठेवलं होतं. पन्नाशीचा, टकलावर चष्मा चढवून तोच चष्मा टेबलाखाली शोधणारा माणूस. खिडकीच्या शेजारी त्याने एक पडदा लावला होता. तिच्या सगळ्या जुन्या वह्या नेऊन, माणसं बसवून, एकेक नोंद त्याने यंत्रात भरून घेतली होती आणि वह्या परत आणून ठेवल्या होत्या.

सोमवारी चारला शेवटचा माणूस वर आला. बाईने 'आला' म्हटलं, टिक केली, फोन केला. पडद्यावर मात्र आकडा होता: आत १.

"तुमचं खेळणं चुकतंय," बाई म्हणाली.

"अहो, नवं आहे, थोडं लाडात येणारच." वायरमास्तरने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आत १. तिसऱ्यांदाही तेच. मग त्याने चष्मा शोधून डोळ्यांवर आणला आणि बराच वेळ खटखट केली.

"सापडला. झॉम्बी आहे."

बाईने पहिल्यांदा मान वर केली. "काय आहे?"

"घाबरू नका, आमचा शब्द आहे. कॉम्प्युटरात एक काम दुसऱ्या कामाला जन्म देतं. समजा, आई आणि पोर. पोराचं काम संपलं की ते मरतं, पण आईसाठी निरोप ठेवून जातं की माझं झालं. आईने निरोप घेतला की त्याचं नाव यादीतून निघतं. आईने घेतलाच नाही तर पोर मेलेलं, पण नाव यादीत तसंच. ते काही खात नाही, काही करत नाही. बरं, मारून टाकावं म्हटलं तर आधीच मेलंय, मारणार कोणाला? त्यालाच म्हणतात झॉम्बी."

"मग त्याचं करायचं काय?"

"काही नाही. आईने निरोप घ्यायचा. घेतला की सुटलं." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "तुमच्या वह्यांतल्या लाखभर नोंदींमध्ये अशी एकच सापडली. बिल्ला बाहेर लागल्याची खूण आहे, पण टिक नाही. म्हणजे माणूस आला, पण तुम्ही 'आला' म्हटलं नाही. यंत्र बिचारं अजून वाट बघतंय. नंबर सतरा. नऊ वर्षांपूर्वीची तारीख आहे."

बाईच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली. तिने ती उचलली नाही.

"इथे हे बटण दाबा, तुमच्या नावाने टिक पडेल," वायरमास्तर म्हणाला. "शुक्रवारी मोठे साहेब सगळ्यांसमोर आकडा वाचणार आहेत. एकतीस वर्षं, चुका शून्य. मानचिन्हावर तसं कोरूनसुद्धा झालंय."

"ऐकल्याशिवाय टिक नाही," बाई म्हणाली.

"अहो बाई, नऊ वर्षं झाली! तो माणूस कधीच घरी पोचला असेल."

"पोचला ना," ती म्हणाली. "माझाच नवरा तो."

३

तो घरीच होता. दार उघडायला आला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पिशवी हातात धरून उभा राहिला.

"ठेवा ती," ती म्हणाली. त्याने ठेवली. "बसा." तो बसला.

असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं आख्ख्या इमारतीतल्या बायका म्हणायच्या. नऊ वर्षांत आवाज चढवला नाही, जेवणाला नाव ठेवलं नाही, टीव्हीच्या रिमोटवरून भांडण केलं नाही. बुटांची जोडी दाराशी अशी लावायचा की दोन्ही टोकं एका रेषेत. कधी काळी हाच माणूस एक बूट दिवाणखान्यात आणि दुसरा न्हाणीघरापाशी फेकायचा, आल्या-गेल्याची नक्कल करायचा, हसता हसता टेबलावर हात आपटून कप फोडायचा. शेजारणींनी विचारलं, काय जादू केलीत हो? ती म्हणायची, "जादू कसली! एकदा ठाम राहिले, तेवढंच." हे सांगताना तिला अभिमान वाटायचा. मोजणीचा होता तितकाच या गोष्टीचाही. अगदी जिवातून वाटायचा.

एकट्या लेकीने तिचं कौतुक केलं नव्हतं. लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. एकदा जेवताना ती म्हणाली होती, "आई, बाबा झॉम्बी झालेत." हे कुठून शिकलीस विचारल्यावर म्हणाली, "शाळेत म्हणतात. ज्याचं अंग कामाला येतं आणि माणूस येत नाही, तो." त्या दिवशी लेकीला बोलणी बसली. नंतर ती शिकायला दुसऱ्या गावी गेली, तिथेच नोकरीला लागली. फोन करायची, पण बाबांना फोन दे असं कधी म्हणायची नाही.

बाईने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि मुद्दामच काही बोलली नाही. ती भाजी निवडत बसली. चहावर साय धरली. तो कपाकडे बघत होता, असं म्हणता आलं असतं. पण त्याचे डोळे कपावर होते इतकंच खरं.

बाईला आठवायला लागलं. तिचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा ती दोन दिवस दवाखान्यात होती. लेक परगावाहून येऊन आधी घरी गेली, तर हा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा. पाय सुजलेले. 'आई, ते दोन दिवस तिथेच उभे होते गं,' लेक रडत म्हणाली होती. आणि बाईने सगळ्या वॉर्डाला कौतुकाने सांगितलं होतं, की माझ्याशिवाय त्यांना घर सुचत नाही.

"प्या," ती म्हणाली.

त्याने गारढोण चहा एका दमात संपवला आणि कप बशीत बरोबर मध्यभागी ठेवला.

४

नऊ वर्षांपूर्वीचं त्या दिवशीचं भांडण क्षुल्लकच होतं.

सकाळी खाली उतरण्याआधी कॅन्टीनमध्ये त्याने तिची नक्कल केली. मान खाली घालून, डोळे मिटून, नाकातून "आला!" आणि मग म्हणाला, "आमच्या खिडकीसमोर कुत्रं भुंकलं तरी ती 'आला' म्हणेल, बघा!" सगळं कॅन्टीन हसलं. चहा घ्यायला ती मागे येऊन उभी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. घरात तो काहीही बोलला असता तर तिने सोडून दिलं असतं. पण मोजणीवरून बोलला, तेही चारचौघांत.

चारला माणसं वर येऊ लागली. तो सगळ्यांच्या शेवटी होता. वरून तिसरी पायरी सैल होती आणि तो नेहमी ती चुकवून उडी मारायचा. उडीचा आवाज आला. कट्ट्यावर बोटं टेकली. सकाळीच हातोडा लागून उजव्या अंगठ्याचं नख निळं पडलं होतं.

"सतरा," तो म्हणाला, "आणि भूक लागलीय." रोज असंच म्हणायचा.

तिने बिल्ला उचलून 'बाहेर'वर लावला आणि गप्प राहिली.

"सतरा. अगं, म्हण की."

ती गप्प.

"रागावलीस होय? बरं, चुकलं माझं. सतरा." आवाजात हसू होतं, पण शेवटाला जरा हललेलं. "मला जाता येत नाही गं असं. म्हण ना."

तिने खिडकीची फळी खाली ओढली. बाहेरून अजून एकदा "सतरा" आलं, मग काही नाही. तिने फोन उचलला. 'आत'ची फळी रिकामी होती आणि ती खोटं बोलत नव्हती. "शून्य," ती म्हणाली. जमिनीखालून पाणी सुटल्याची घरघर आली आणि खुर्चीचे पाय नेहमीसारखे थरथरले. वहीत मात्र तिने टिक केली नाही. म्हटलंच नाही तर टिक कशी करणार? ती प्रामाणिक होती.

ती घरी पोचली तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. बूट दाराशी, एका रेषेत.

दुसऱ्या दिवशी तो पायऱ्यांच्या तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला. मुकादमाने सांगितलं, ओरडून सांगितलं, पण पाऊल खाली पडेना. बाकी सांगाल ते करायचा, फक्त तिथे उतरेना. शेवटी त्याला वर भांडारात बसवलं. सतरा नंबरचा बिल्ला खिळ्यावरून निघाला आणि तिच्या खणात पडून राहिला. तीन वर्षांपूर्वी तो निवृत्तही झाला.

५

बुधवारी कामावरून आल्यावर तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

नऊ वर्षांत आपण या हाताकडे नीट पाहिलंच नाही, असं तिला वाटलं. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. घरात एकच नेलकटर होतं, तिचं. त्याने ते कधी मागितलं नव्हतं. 'किती नीटनेटके राहतात,' असं ती म्हणायची.

अंगठ्याचं नख निळं होतं. डाग नखाच्या मुळाशी, जिथे हातोडा बसला होता तिथेच. तिचंही बोट एकदा दारात सापडलं होतं. काळं पडलेलं नख वाढत वाढत सहा-सात महिन्यांत पुढे गेलं होतं आणि तिने कापून टाकलं होतं. असतात काही माणसांच्या खुणा कायमच्या, तिने स्वतःला समजावलं. रक्ताभिसरणाचं काहीतरी असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा नंबर काय होता?"

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"बोगद्यातला नंबर. सांगा ना. एकदाच सांगा, मी 'आला' म्हणते. आपलं काम होऊन जाईल."

त्याचं तोंड उघडलं. आत जीभ हलताना दिसली. मग अगदी सौम्यपणे तो म्हणाला, "तू म्हणशील तो."

तिने हात सोडून दिला. हात तिच्या मांडीवर तसाच राहिला. शेवटी तिनेच तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

संध्याकाळी तिने लेकीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तू मागे एकदा बाबांसाठी एक शब्द वापरला होतास."

"आई, मी लहान होते गं."

"मी रागवत नाहीये. तेव्हा तुला काय वाटलं होतं, ते सांग."

"मला वाटायचं, ते अजून कामावरून यायचेत. मी दाराकडे बघत बसायचे. ते खुर्चीत बसलेले असायचे आणि मी दाराकडे बघत बसायचे. तू ओरडायचीस, अभ्यास कर म्हणून."

इतक्या वर्षांत मोजणी एकट्या लेकीची बरोबर होती.

६

गुरुवारी तिने वायरमास्तरला गाठलं.

"ते पोर. आईने निरोप घेतल्यावर त्याचं काय होतं?"

"नाव पुसलं जातं."

"आणि मग?"

"मग काय असणार? ते नव्हतंच ना, बाई. नाव होतं फक्त." तो तारा गुंडाळत होता. "मी उद्या सकाळी काढून टाकू का? माझ्याकडून होतं. तुम्ही बटणसुद्धा दाबू नका, चुका तुमच्या शून्यच राहतील. जुनी खिडकीही परवा विटा लावून बंद होणार. कोण विचारतंय?"

इतकं सोपं होतं. शनिवारपासून या खोलीत कोणी 'आला' म्हणणार नव्हतं. यंत्राचं फाटक माणसाला सोडेल, दिवा हिरवा होईल, बस्स. तिने हो म्हटलं तर मानचिन्ह मिळेल, शून्य मिळेल, आणि घरी गेल्यावर पिशवी घ्यायला कोणीतरी दार उघडेल. म्हातारपणी घरात एक माणूस असणं ही काय लहान गोष्ट आहे? तो बसा म्हटलं की बसतो. आजारपणात उशाशी बस म्हटलं तर बसेल. नाही म्हटलं तर काय उरेल, हे तिला कळत नव्हतं. कळत होतं, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "मोजणी माझी आहे. तुमच्या यंत्राची नाही."

७

शुक्रवारी चारला अकरा माणसं वर आली.

प्रत्येकाने शेवटचा नंबर जरा जास्तच जोरात सांगितला आणि बाईने प्रत्येकाला नेहमीच्याच आवाजात उत्तर दिलं, कमी नाही की जास्त नाही. एकाने कट्ट्यावर फूल ठेवलं. "मोजणीच्या जागी पसारा नको," ती म्हणाली, पण फूल काढलं नाही. मग सगळे मागच्या मैदानाकडे गेले. तिथे खुर्च्या मांडल्या होत्या आणि मोठे साहेब भाषणाचा कागद चाळत होते.

पडद्यावर आकडा होता: आत १. पाणी सोडायचा फोन तिने अजून केला नव्हता.

खोलीला मागच्या बाजूलाही एक खिडकी होती, फाटकाकडे उघडणारी. तिथल्या बाकावर तो बसला होता. आज तिला न्यायला आला होता, कारण सकाळी ती तसं सांगून निघाली होती. मांडीवर डब्याची पिशवी, समोर लख्ख ऊन. डोळ्यांत ऊन जात होतं तरी त्याने ते किलकिले केले नव्हते. तिने त्याला डोळे भरून पाहून घेतलं. नऊ वर्षं सांभाळलं होतं. तेही काही खोटं नव्हतं.

मग तिने खणातून सतरा नंबरचा बिल्ला काढला आणि एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. लावलेली नोंद उलटी फिरवली. बिल्ला 'आत'च्या फळीवर टांगला. पितळ जरा वेळ डोललं आणि थांबलं.

ती खुर्चीत येऊन बसली. पाठ ताठ, मान खाली, कान उघडे.

खाली पाणी ठिबकत होतं. लांबून मैदानावरच्या माइकची खरखर येत होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली. आपण काय करतोय, असं तिला वाटलं. साठीला आलेली बाई, रिकाम्या भोकासमोर कान लावून बसली आहे. चार वाजून नऊ. उठावं, बटण दाबावं.

खाली, पार तळाशी, लोखंडावर पाऊल वाजलं.

ती पावलं मोजू लागली. तिला दुसरं काही येतच नव्हतं. पन्नास. शंभर. मधेच थांबत होतं, दमल्यासारखं, आणि पुन्हा सुरू होत होतं. पावलागणिक पाणी निथळल्याचा आवाज. दीडशे. ओल्या दगडाचा वास खोलीत भरला. दोनशे नऊ. मग उडी. सैल पायरी चुकवणारी, आता जडावलेली, पण उडीच.

कट्ट्यावर फुलाशेजारी बोटं टेकली.

बोटं पांढरीफटक होती. नखं वाढून, वळून, गुंडाळली होती, नऊ वर्षांत वाढतील तितकी. अंगठ्याच्या नखाच्या अगदी टोकाला, वळणाच्या शेवटी, एक निळा डाग होता.

बाईला वर बघावंसं वाटत होतं. एकदाच. आपलं माणूस आहे. पण चेहरा बघितला तर न मोजताच त्याला कवटाळीन, आणि तो पुन्हा तसाच राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मान खाली ठेवली. आयुष्यात कुठल्याच कामाला तिला इतका जोर लागला नव्हता.

"सतरा," आवाज आला. थोडा वेळ फक्त पाणी ठिबकलं. "भूक गेली आता."

"आला!" खिडकीबाई म्हणाली.

खणखणीत म्हणाली. मैदानावर बसलेल्यांनी माना वळवल्या. तिने बिल्ला 'बाहेर'वर लावला, जुनी वही उघडली आणि नऊ वर्षांपूर्वीच्या पानावर टिक केली. खाली लिहिलं: 'उशीर माझा', आणि सही.

मान वर केली तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं. कट्टा ओला होता आणि फूल भिजलं होतं. पडद्यावर शून्य होतं. ती मागच्या खिडकीकडे लगेच गेली नाही. आधी फोन उचलला, "शून्य" म्हणाली, आणि खुर्चीचे पाय थरथरेपर्यंत तिथेच उभी राहिली.

मोठ्या साहेबांनी कागद वाचायला घेतला तेव्हा तिने माइक मागून घेतला. "शून्य नाही. एक," ती म्हणाली. "एक चूक आहे, आणि ती आज मी मिटवली. मानचिन्ह खोडून द्या, नाहीतर राहू द्या." कोणाला काही कळलं नाही. टाळ्या तरीही झाल्या. त्या तिने ताठ मानेने घेतल्या, कारण या वेळच्या तिच्या हक्काच्या होत्या.

फाटकाजवळच्या बाकावर डब्याची पिशवी होती. बाकाखाली बूट होते, दोन्ही टोकं एका रेषेत. फाटकावरचा पहारेकरी गोंधळून इकडेतिकडे बघत होता.

"आत्ता होते इथे तुमचे यजमान. मी तुमचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तेवढ्यात..." तो म्हणाला. "येतील. बसा बाई, त्यांच्यासाठी थांबताय ना?"

बाईने बूट उचलले. एक डाव्या हातात घेतला, एक उजव्या.

"नाही," ती म्हणाली. "सगळे आले."